रायपनिंग चेंबर, शेतकऱ्यांची पेमेंटं आणि हजेरी : सॉफ्टवेअरला मोकळीक किती द्यावी?

तापीकाठ
राम राम मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-रावेर पट्ट्यातल्या एका केळी युनिटसाठी विचारतोय. प्रत्येकी १० टनांचे सहा रायपनिंग चेंबर (केळी पिकवायच्या बंद खोल्या), शेजारी पॅकहाऊस, ऑफिसात आठ माणसं आणि हंगामात ६०-७० मजूर असा पसारा आहे. व्हेंडरने एकच पॅकेज दिलंय आणि त्यातलं सगळं 'फुल ऑटो' चालेल म्हणतो. चेंबरचं तापमान आणि इथिलीन (फळ पिकवणारा वायू) सॉफ्टवेअर स्वतः बदलणार, काटा पावतीवरून शेतकऱ्याचं पेमेंट थेट बँकेत जाणार, चेहरा ओळखून हजेरी लागणार आणि पगार त्यावरूनच निघणार. शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप चौकशीलाही बॉट उत्तर देणार.

मालकांना सगळं हवंय, सुपरवायझर मंडळींना काहीच नकोय. माझा प्रश्न सरळ आहे : कुठे मशीनला मोकळं सोडायचं आणि कुठे माणसाची सही ठेवायची? कृपया मोघम नको, आकड्यांत सांगा.

पीएलसीवाला
तापीकाठ भाऊ, सगळ्यात आधी 'ऑटो की मॅन्युअल' हा एकच स्विच आहे ही कल्पना डोक्यातून काढा. प्रत्येक कृतीला दोन प्रश्न विचारा. चूक झाली तर नुकसान किती वेळात पक्कं होतं? आणि तेवढ्या वेळात कुणाला कळून तो हात घालू शकतो का? या दोन उत्तरांवर मोकळीक ठरते.

चेंबरचं घेऊ. माल भरल्यावर गराचं तापमान १६ ते १८ अंशांवर आणायचं, मग २४ तास इथिलीन, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. भारतात इथिलीनची परवानगी १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १००) आहे. डोस संपला की हवा बदलायची आणि पुढे कार्बन डायऑक्साइड १ टक्क्याच्या खाली ठेवायचा, कारण तो वाढला की इथिलीनचा परिणाम मंदावतो आणि रंग एकसारखा चढत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फळाचा श्वसनवेग वाढतो, गर हवेपेक्षा गरम राहतो, म्हणून हवेचं तापमान टप्प्याटप्प्याने खाली आणायचं. हे काम मशीनने करावं. रात्री तीन वाजता दर दहा मिनिटांनी अर्धा अंश सावरणं माणसाच्या आवाक्यातलं नाही आणि त्यासाठी माणूस जागवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

पण मशीनला कुंपण घाला, आणि ते कुंपण सॉफ्टवेअरच्या बाहेर, पॅनलमध्ये असू द्या :

हवा १३ अंशांच्या खाली गेली की कूलिंग तोडणारा वेगळा थर्मोस्टॅट, स्वतःच्या स्वतंत्र सेन्सरवर. १३ च्या खाली केळीला थंडीची इजा होते. चेंबरमध्ये ती नीट दिसतही नाही, बाहेर काढल्यावर साल राखाडी-मळकट पडते. तोवर माल ट्रकमध्ये असतो.

इथिलीनच्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला) हार्डवायर, म्हणजे थेट तारेने जोडलेला टायमर. सॉफ्टवेअरने कितीही मागितलं तरी ठरल्या मिनिटांपुढे व्हॉल्व्ह बंद. व्हॉल्व्ह 'नॉर्मली क्लोज्ड' जातीचाच घ्या, म्हणजे वीज गेली की गॅस आपोआप थांबतो.

दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना डोस अडवणारी जोडणी), आतून उघडणारी कडी आणि आतलं धोक्याचं बटण या तिन्हींना सॉफ्टवेअर हातही लावू शकता कामा नये. १ टक्का कार्बन डायऑक्साइड म्हणजे १०,००० पीपीएम. आठ तासांच्या कामासाठी ५,००० ही मर्यादा धरतात आणि ४०,००० ला जिवाचा धोका. माणूस आत असताना 'ऑटो'ने पंखे थांबवून डोस सुरू करणं हे कोणत्याही परिस्थितीत शक्यच नसलं पाहिजे.

आता सेन्सर कसा फसवतो ते पाहा, कारण मोकळीक दिलेलं मशीन शेवटी सेन्सरवरच विसंबतं. पीटी-१०० या तापमानाच्या सेन्सरला शून्य अंशावर १०० ओहम येतात आणि पुढे दर अंशाला साधारण ०.३८५ ओहम वाढतात. १६ अंशांना सुमारे १०६.२. वायर तुटली की रोध अनंत होतो. बऱ्याच कंट्रोलरना ते प्रचंड तापमान वाटतं, ते कूलिंग पूर्ण उघडतात आणि रात्रीतून माल गोठण्याच्या वाटेला लागतो. वायर शॉर्ट झाली तर उलट : तापमान कमी दिसतं, कूलिंग बंद पडतं, माल आतल्या आत उकडतो. म्हणून एका प्रोबवर, म्हणजे एकाच सेन्सरवर, निर्णय नको. प्रत्येक चेंबरमध्ये गराचे तीन प्रोब ठेवा, एक परतीच्या हवेजवळ, एक मधल्या थप्पीत आणि एक दाराशी. मधलं वाचन धरायचं. कोणताही प्रोब इतर दोघांपासून २ अंशांहून जास्त फटकला तर सॉफ्टवेअरने नवे निर्णय थांबवावेत, चालू सेटिंग धरून ठेवावं आणि माणसाला बोलवावं.

इथिलीनच्या इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरची खोड वेगळी आहे. त्याला कार्बन मोनॉक्साइड आणि अल्कोहोलची वाफही इथिलीनसारखीच वाटते. दारासमोर ट्रक इंजिन चालू ठेवून उभा असेल तर वाचन फुगतं, मशीन समजतं गॅस पुरेसा आहे आणि डोस कमी देतं. चार दिवसांनी अर्धा माल हिरवा निघतो आणि सगळे केळीला दोष देतात.

खोडवा
पण भो, अलार्म मोबाईलवर येतोच ना? मग माणूस आहेच की ताब्यात.

पीएलसीवाला
अलार्म आला म्हणजे ताबा आला असं नाही, खोडवा भाऊ. प्रोसेस उद्योगात एका ऑपरेटरला दिवसाला साधारण १५० अलार्म झेपतात असं धरतात, म्हणजे दहा मिनिटांना सरासरी एक. दहा मिनिटांत दहाहून जास्त आले तर त्याला पूर म्हणतात, आणि पुरात माणूस वाचत नाही, नुसता 'ओके' दाबत जातो. सहा चेंबरांना प्रत्येकी तीन प्रोब, आर्द्रता, गॅस, दार, कॉम्प्रेसर असे सगळे अलार्म चालू ठेवले तर एका वीज-झटक्यात पन्नास संदेश येतील.

तीन दर्जे करा. लाल म्हणजे अर्ध्या तासात हात घातला नाही तर माल किंवा माणूस धोक्यात. त्यासाठी फोनची रिंग वाजली पाहिजे, मेसेज पुरेसा नाही. पाच मिनिटांत उचलला नाही तर पुढच्या माणसाला, मग त्याच्या पुढच्याला. पिवळा म्हणजे पाळी संपायच्या आत बघायचं. बाकी सगळं फक्त नोंदवहीत. लाल अलार्म एकूण यादीच्या ५ टक्क्यांच्या आसपास असावेत. आणि प्रत्येक लाल अलार्मच्या मजकुरात करायची कृती लिहा. 'चेंबर ४ : प्रोब २ तुटला असावा. पॅनलवर लोकल करा, १६ अंश ठेवा, मल्टिमीटर लावा.' नुसतं 'टेम्प फॉल्ट' लिहिलेला संदेश झोपेतून उठलेल्या माणसाच्या काही कामाचा नाही.

आणखी एक. 'लोकल-बंद-रिमोट' असा किल्लीचा स्विच प्रत्येक चेंबरच्या पॅनलवर हवा. किल्ली 'लोकल'ला गेली की सॉफ्टवेअरचे आदेश तारेतूनच तुटले पाहिजेत. स्क्रीनवरचं 'मॅन्युअल' बटण हा पर्याय नाही, स्क्रीन अडकली तर तेही अडकतं.

जमाखर्च
चेंबरचं त्यांनी नीट सांगितलंय, मी पैशाचं सांगते.

इथे नुकसान पक्कं व्हायला काही सेकंद लागतात. आयएमपीएस तत्काळ जातं. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या बॅचने, वर्षभर चोवीस तास. आरटीजीएस किमान २ लाखांपासून. तिन्हींत चुकीच्या खात्यात गेलेला पैसा परत यायला समोरच्याची संमती लागते. म्हणून पेमेंटची फाईल तयार करणं सॉफ्टवेअरचं काम, पण बँकेत सोडणं माणसाचंच. बँकेच्या पोर्टलवर 'मेकर' (फाईल भरणारा) आणि 'चेकर' (मंजुरी देणारा) वेगळे ठेवा. सॉफ्टवेअरला फक्त मेकरचे हक्क द्या. चेकरचा ओटीपी येणारं सिम ऑफिसच्या टेबलावर पडलेलं असेल तर मात्र या व्यवस्थेला अर्थ उरत नाही.

आता खरी अडचण. रोज ८० ओळींची फाईल समोर आली की चेकर वरचा 'सिलेक्ट ऑल' दाबतो. सही माणसाची, निर्णय मशीनचाच. यावर उपाय म्हणजे मशीनकडून निवड करून घ्यायची. काटा पावतीचं वजन, त्या दिवशीचा ठरलेला भाव आणि जुनं पडताळलेलं खातं हे तिन्ही जुळले की ती ओळ हिरवी. हिरव्या ओळी एका सहीने एकत्र जाऊ द्या, पण सहीच्या आधी दोन बेरजा शेजारी-शेजारी दिसल्या पाहिजेत : आज गेटवर आलेले एकूण क्विंटल आणि फाईलमधले एकूण क्विंटल. न जुळणाऱ्या ओळी लाल, त्या एकेक उघडून पाहायच्या. हिरव्यांतल्याही पाच ओळी रोज चिठ्ठी काढल्यासारख्या निवडून मूळ पावतीशी ताडा. नाहीतर हिरवा रंग खोटा ठरायला लागला तरी कुणाला कळणार नाही.

लाल करायची कारणं आधी लिहून ठेवा : एकच पावती क्रमांक दोनदा, रिकाम्या गाडीचं वजन मागच्या फेरीपेक्षा वेगळं, नवतीच्या (पहिल्या लागवडीच्या) भावाने पिलबागचा (पिलांवर घेतलेल्या पुढच्या पिकाचा) माल, आणि खाते क्रमांक बदललेला. शेवटचं सगळ्यात घातक. खातं बदलायची विनंती मेसेजवर आली तर सॉफ्टवेअरने ती स्वीकारूच नये. जुन्या नोंदीतल्या नंबरवर फोन, पासबुकाची प्रत, आणि बदलानंतर २४ तास त्या खात्यात पेमेंट नाही. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएसला पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांनी द्यायची आहे, तिचा वापर करा.

वजनातली कपात, म्हणजे दांडा वगैरे, मशीनने आपोआप करू नये असं माझं ठाम मत आहे. टक्का आधी शेतकऱ्याला माहीत असावा आणि पावतीवर वेगळ्या ओळीत छापलेला असावा. कपात आतल्या सूत्रात लपली की भांडणाला उत्तर द्यायला ऑफिसात कुणीच नसतं.

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसात १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशेब प्रणाली आली. तिने दाखवलेली तूट खरी मानून शेकडो उप-पोस्टमास्तरांवर चोरी-अफरातफरीचे खटले झाले, ९०० हून अधिक लोक दोषी ठरवले गेले. दोष प्रणालीत होता. २०२४ मध्ये संसदेने कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. तिथल्या माणसाला 'ही नोंद मला मान्य नाही' असं प्रणालीतच नोंदवून हिशेब पुढे चालवायची सोय नव्हती. आपल्या काट्यावरच्या पोराला आणि कॅशियरला ती सोय पहिल्या दिवसापासून असली पाहिजे.

नेटवर्क_धुळे
सगळीकडे 'आधी मंजुरी' लावायची गरज नाही. १९७८ मध्ये शेरिडन आणि व्हरप्लँक या संशोधकांनी माणूस आणि संगणक यांच्यातल्या ताब्याच्या दहा पायऱ्या मांडल्या होत्या. त्यातल्या मधल्या तीन आपल्या कामाच्या. माणूस हो म्हणाला तरच संगणक करतो. ठरावीक वेळात माणसाने नाही म्हटलं नाही तर संगणक करतो. संगणक करून टाकतो आणि मग सांगतो.

पैसा पहिल्या पायरीवर. चेंबरच्या रेसिपीतला, म्हणजे ठरवलेल्या तापमानातला आणि तासांतला बदल (उदाहरणार्थ, माल जास्त कच्चा दिसतो म्हणून ६ तास वाढवणं) दुसऱ्या पायरीवर, ६० मिनिटांची मुदत देऊन. रोजचं अर्ध्या अंशाचं सावरणं तिसऱ्या पायरीवर.

पीएलसीवाला
दुसऱ्या पायरीबद्दल असहमत. रात्री दोनला साठ मिनिटांची मुदत म्हणजे मुदतच नाही, माणूस झोपलेला आहे. मौन म्हणजे संमती हे फक्त त्या वेळी ड्यूटीवर कुणी असेल तरच धरावं. नसेल तर मौन म्हणजे 'नाही', जुनी रेसिपी चालू राहील.

नेटवर्क_धुळे
मान्य. मग अशी अट घाला : सकाळी ८ ते रात्री ८ मुदत संपली की बदल लागू, रात्री मुदत संपली की बदल रद्द. शिवाय कोणताही बदल एका वेळी १ अंशापेक्षा किंवा ६ तासांपेक्षा मोठा नको.

नेटवर्कच्या बाजूने चार गोष्टी. चेंबरचा पीएलसी (पॅनलमधला नियंत्रण-संगणक) इंटरनेटशिवाय पूर्ण चार-पाच दिवसांची बॅच काढू शकला पाहिजे. क्लाउडमधून सल्ला यावा, श्वास नाही. पाच मिनिटं क्लाउडचा निरोप आला नाही तर पीएलसीने शेवटची मान्य रेसिपी धरून चालत राहावं. वीज जाऊन आल्यावर सेटिंग कारखान्याच्या मूळ आकड्यांवर जाता कामा नये. हे नक्की तपासा, फार ठिकाणी इथेच गडबड होते. जनरेटरवर आल्यावर सहाही कॉम्प्रेसर एकदम उठू नयेत, प्रत्येकी तीन ते पाच मिनिटांचं अंतर ठेवा.

व्हेंडरचा दुरून प्रवेश कायम उघडा नको. मागणी आली की तुमचा माणूस चालू करेल, काम झालं की बंद. माल भरलेला असताना अपडेट नाही.

नोंदवहीत प्रत्येक बदलाला वेळ, जुना आकडा, नवा आकडा, कुणी केला (माणूस की प्रणाली) आणि का केला एवढं हवं. 'का' हा रकाना व्हेंडर टाळतो. सोडू नका. कारण दिसलं नाही तर सुपरवायझर ते तपासूच शकत नाही, आणि तपासता न येणाऱ्या गोष्टीवर सही घेणं म्हणजे त्याच्या डोक्यावर जबाबदारी आणि हातात काहीच नाही. सगळ्या यंत्रांची घड्याळंही एकाच वेळेला जुळवलेली असू द्या, नाहीतर काय आधी झालं हेच कळत नाही. 'अॅडमिन' नावाचं सामायिक खातं पहिल्या दिवशी बंद करा.

हजेरीपट
मजुरांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मला यात हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण चेंबरला ऑपरेटर आहे, पैशाला चेकर आहे, पण चुकून गैरहजर लागलेल्या बाईच्या बाजूने सॉफ्टवेअरमध्ये कुणीच नसतं.

पॅकहाऊसात बोटाचा ठसा चालत नाही. हात ओले असतात आणि केळीच्या चिकाचा थर बोटावर बसतो. चेहऱ्याचं यंत्र बरं, पण दाराच्या तोंडाशी लावलं तर पाठीमागून ऊन येतं आणि चेहरा काळा दिसतो. एप्रिल-मेमध्ये बायका उन्हापायी डोकं-तोंड रुमालाने बांधून येतात. यंत्र आत भिंतीला, उजेड समोरून पडेल असं लावा. पत्र्याच्या शेडखाली मोबाईलचं जीपीएस सरकतं, म्हणून 'आवाराबाहेर' दाखवलं की हजेरी कापणारा नियम ठेवूच नका.

यंत्राने चेहरा ओळखला नाही तर नोंद 'गैरहजर' अशी न होता 'अनिर्णित' अशी व्हावी. अनिर्णित नोंदी मुकादमाने त्याच दिवशी कागदी वहीवरून मिटवायच्या. पगार निघायच्या ४८ तास आधी प्रत्येकाला आपले दिवस आणि तास मराठीत कळले पाहिजेत, भिंतीवर यादी लावली तरी चालेल. कपात फक्त माणूस करेल, नाव आणि कारण लिहून. कपात गैरहजेरीच्या प्रमाणापेक्षा जास्त करता येत नाही आणि जादा तासांना दुप्पट दर द्यावा लागतो. यंत्रात हे दोन्ही नियम नीट भरलेत का ते पहिल्या महिन्यात हाताने ताडा. 'जेवणाची ३० मिनिटं आपोआप वजा' हा पर्याय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आधीच चालू असतो. गाडी खाली करताना जेवण पुढे ढकललं गेलं तरी तो अर्धा तास कापतो. बंद करा.

चेहऱ्याचे नमुने हा वैयक्तिक डेटा आहे, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा लक्षात ठेवा. कशासाठी घेतोय ते सांगून संमती घ्या, नको म्हणणाऱ्याला कार्ड किंवा वही द्या आणि काम सोडलं की नमुना पुसा. त्याच कॅमेऱ्याने 'ताशी किती खोकी भरली' मोजून क्रमवारी लावायचा मोह मालकांना होईल. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) यांच्या मालात, घडाच्या आकारात, फण्यांच्या डागांत इतका फरक असतो की खोक्यांचा वेग माणसाबद्दल फारसं काही सांगत नाही.

खोडवा
शेतकऱ्याच्या बाजूने बॉटबद्दल बोलतो. बॉटने नोंदलेली माहिती सांगावी : कापणीची गाडी कधी येणार, पावती क्रमांक, वजन, पेमेंट गेलं की नाही. भाव सांगू नये, निदान स्वतः तयार केलेल्या वाक्यात तरी नाही. आपल्याकडे बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव सकाळी एक, दुपारी चर्चा वेगळी. बॉटने कालचा आकडा आजचा म्हणून सांगितला तर माणूस त्यावर कापणी लावतो, आणि घड एकदा कापला की परत झाडाला लागत नाही.

जमाखर्च
आणि ते निस्तरावं लागतं युनिटलाच. कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीच्या तिकिटाचा चुकीचा नियम सांगितला. बॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही, अशी बाजू कंपनीने मांडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने ती फेटाळली आणि भरपाई द्यायला लावली.

भावाचं उत्तर द्यायचंच असेल तर माणसाने सकाळी भरलेला आकडा, तारीख आणि वेळेसकट, जसाच्या तसा. आकडा भरलेला नसेल तर 'आजचा भाव अजून आला नाही, ऑफिसला फोन करा' एवढंच. वजन किंवा कपातीची तक्रार आली की बॉटने गप्प होऊन माणसाला जोडावं.

तापीकाठ
मंडळी, मनापासून आभार. मालकांना हा धागाच वाचायला देतो. दोन शंका. सुरुवात कशी करायची, सगळं एकदम की टप्प्याने? आणि व्हेंडर 'सगळ्या चाचण्या झाल्यात' म्हणतो, त्या आपल्या आपण कशा घ्यायच्या?

पीएलसीवाला
टप्प्याने. पहिल्या महिन्यात सॉफ्टवेअर फक्त सल्ला देईल, किल्ली 'लोकल'ला. त्याने काय सुचवलं आणि ऑपरेटरने काय केलं हे शेजारी-शेजारी लिहा. वेगळं पडलं तिथे कोण बरोबर निघालं ते माल उघडताना रंगावरून ठरवा. मग एका चेंबरला मोकळीक, दोन-तीन बॅच बघून पुढचे. एप्रिल-मे वगळून सुरू करू नका, कारण बाहेर ४५ अंश असताना गरम माल आत येतो तेव्हाच खरी परीक्षा असते. सगळं ऑटोवर गेल्यावरही दर महिन्याला एक चेंबर एक पाळी हाताने चालवायला लावा. सवय गेली की किल्ली हातात असूनही माणसाला काय फिरवायचं ते सुचत नाही.

चाचण्या व्हेंडरसमोर, शेवटचा हप्ता द्यायच्या आधी :

एक प्रोब काढून घ्या. कूलिंग धावत सुटलं तर नापास.
प्रोबची दोन टोकं जोडा. कूलिंग मेलं तर नापास.
इंटरनेटची वायर काढून २४ तास ठेवा.
मेन स्विच पाडा, दहा मिनिटांनी टाका, सेटिंग तीच आहेत का पाहा.
दार उघडं ठेवून इथिलीनचा आदेश द्या.
लाल अलार्म रात्री अकरानंतर उठवा आणि फोन कुणाला, किती मिनिटांत जातो ते घड्याळ लावून पाहा.

तापीकाठ
हे भरलेल्या चेंबरवर करायचं का? दहा टन माल पणाला लावायला मालक तयार होणार नाहीत.

पीएलसीवाला
नाही, मालावर अजिबात नको. पण रिकाम्या चेंबरमध्येही नको, आत वस्तुमान नसेल तर हवा झटक्यात थंड होते आणि कंट्रोलर उगाच हुशार दिसतो. क्रेटमध्ये पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या बाटल्या उभ्या करा आणि तीन प्रोब तीन बाटल्यांत बुडवा. निदान दोन-तीन टन पाणी होऊ द्या, थप्प्या नेहमीसारख्याच लावा, म्हणजे पंख्याची हवा नेहमीच्याच वाटेने फिरेल. केळीची श्वसनाची उष्णता यात येत नाही, ती हवी असेल तर थप्प्यांच्या मध्ये दोन-तीन किलोवॉटचा हीटर लावा, आणि १३ अंशांना कूलिंग तोडणारा थर्मोस्टॅट तपासताना तो बंद ठेवायला विसरू नका.